पहिलं घर चालू बांधकामात घ्यावं का? (26 महिने उशिरा ताबा मिळालेल्याचं मत)

सातवा_मजला

एकदाचा ताबा मिळाला. पुण्यात रावेतला, टू बीएचके, सातवा मजला. पेढे वाटून झालेत, आता भांडायला मोकळा आहे.

माझं मत असं की जो भाड्याने राहतो आणि कर्ज काढून पहिलं घर घेतोय, त्याने चालू बांधकामात पैसे घालू नयेत. ज्याच्या डोक्यावर आधीच छप्पर आहे त्याने खुशाल घालावेत.

आमचा करारनामा फेब्रुवारी 2020 चा. त्यात ताब्याची तारीख डिसेंबर 2022. चावी हातात आली फेब्रुवारी 2025 मध्ये. नोंदणीनंतर महिन्याभरात लॉकडाऊन लागला, मजूर गावी गेले, महारेराने (राज्याचं बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) सगळ्याच प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले. इथपर्यंत माझी तक्रार नाही. उरलेल्या 20 महिन्यांचं काय?

मे 2022 मध्ये आम्ही एक हुशारी केली. डिसेंबरला घर मिळणारच, मग मुलीची शाळा एकदाच बदलू, म्हणून धायरी सोडून साईटच्या अगदी समोर भाड्याने राहायला आलो. अकरा महिन्यांचा करार तीनदा केला. बेडरूमच्या खिडकीतून आमचा फ्लॅट दिसायचा. आधी नुसत्या विटा, मग प्लास्टर, मग एक दिवस बाल्कनीला रेलिंग लागलं तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं. नंतर वर्षभर काहीच हललं नाही. रात्री कधी कधी आत पिवळा बल्ब लागलेला दिसायचा आणि बायको म्हणायची, "आपल्याकडे कोणीतरी आलंय वाटतं." पहिल्यांदा हसलो होतो.

या काळात भाडं 19 हजारांवरून 23 वर गेलं. कर्जाचे 30 लाख उचलून झाले होते, त्यावरचं नुसतं व्याज महिन्याला 22 हजारांच्या आसपास. मुद्दल एक रुपयाने कमी नाही. आणि आम्ही थांबलेलो असताना रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बिल्डर थांबला, बँक थांबली नाही.

हिशोब_तपासनीस

अभिनंदन, पण हिशोबात गडबड आहे. भाडं तोट्यात धरा, मान्य. 26 महिन्यांचे साडेपाच लाख म्हणू. व्याज कसं धरता? तयार घर घेतलं असतं तर पहिल्या महिन्यापासून पूर्ण कर्जावर व्याज भरलंच असतं की, तेही जास्त. इथे जेवढं उचललं तेवढ्यावरच भरलंत.

दुसरं, 2020 मध्ये तेवढंच तयार घर तिथे केवढ्याला होतं ते सांगा. भाव लपवून तक्रार करायची ही आपली पुणेरी सवय.

सातवा_मजला

लपवत नाही. आमचं 58 लाखांचं, शेजारच्या गल्लीत तयार घर 66 ला होतं. फरक 8 लाख. पण चालू बांधकामाला 5 टक्के जीएसटी लागला, म्हणजे 2 लाख 90 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही. खरा फरक उरला 5 लाख 10 हजारांचा. तुमच्याच आकड्याप्रमाणे साडेपाच लाख भाड्यात गेले. म्हणजे "स्वस्त" घर महागच पडलं, आणि डिसेंबर 2022 च्या आधीचं भाडं तर मी धरलेलंच नाही.

व्याजाचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. मात्र तयार घरात व्याज भरताना मी त्या घरात राहत असतो.

हिशोब_तपासनीस

8 लाख जास्तीचं कर्ज बँकेने तुम्हाला 2020 च्या पगारावर दिलं असतं?

सातवा_मजला

नसतं दिलं.

हिशोब_तपासनीस

मग संपलं. तुमच्यासमोर चालू बांधकाम आणि तयार घर असे दोन पर्याय नव्हतेच. चालू बांधकाम किंवा धायरीतलं भाडं, एवढेच होते. पुण्यात पगारदार माणूस अर्धवट इमारतीत पैसे घालतो तो हौसेने नाही. सुरुवातीला 10 टक्के, मग टप्प्याटप्प्याने, तोवर दोन पगारवाढी होतात, सासरे थोडे देतात, पीएफ काढतो. तयार घराला हे सगळं एका महिन्यात उभं करावं लागतं.

स्लॅब_सायकल

मी साईट इंजिनिअर आहे, 14 वर्षं झाली. शिव्या खायची सवय आहे, द्या.

लोकांना वाटतं इमारत उभी करायला वेळ लागतो. तसं नाही. मायवान शटरिंग (ॲल्युमिनियमचे तयार साचे) असेल तर दहा-बारा दिवसांत स्लॅब पडतो, उंची भराभर वाढते. खरा वेळ खातं ते नंतरचं काम: प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, फायरचं काम आणि त्याची एनओसी, ड्रेनेज, शेवटी भोगवटा, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. आणि नेमकं तेव्हाच पैसे संपलेले असतात.

कारण पैशांचे टप्पे बघा. महारेराच्या नमुना करारनाम्यातल्या कमाल मर्यादा अशा आहेत: करारनाम्यानंतर 30 टक्के, प्लिंथ (जोतं) झाली की 45, सगळे स्लॅब पडले की 70. म्हणजे जमिनीच्या वर काही दिसायच्या आत जवळपास निम्मे पैसे मागता येतात आणि नुसता सांगाडा उभा राहिला की सत्तर. ताब्याच्या वेळी तुमच्या हातात उरतात 5 टक्के. त्या 5 टक्क्यांसाठी कोण धावपळ करणार?

एस्क्रोचं म्हणाल तर ग्राहकांकडून आलेली 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यांवर कामाच्या प्रमाणात काढता येते. पण मधेच बुकिंग थांबलं की त्या खात्यात येणार काय? सातवा_मजला, तुमचं वर्षभर काही हललं नाही ना? पैज लावतो, त्या वर्षी विक्री थांबली होती.

सातवा_मजला

आमच्या विंगमधले 40 टक्के फ्लॅट तेव्हा विकलेले नव्हते, हे मला नंतर कळलं. महारेराच्या साईटवर प्रकल्पाच्या पानावर बुकिंगची माहिती दिसते म्हणे. मी 2020 मध्ये फक्त नोंदणी क्रमांक आहे का एवढंच बघितलं होतं. देवळाचा कळस बघून नमस्कार केल्यासारखं.

तात्पुरतं_मीटर

थोडी उलटी बाजू मांडते. आम्हालाही उशीर झाला, आंबेगावला. भोगवटा नव्हता, पण बिल्डर म्हणाला, "फर्निचरचं काम करून घ्यायला चावी घ्या." फिट-आउट पझेशन की काय ते. घेतली, आणि फर्निचर न करता सरळ राहायलाच गेलो.

लिफ्टचा परवाना नव्हता. सासूबाईंना खुर्चीत बसवून नवऱ्याने आणि दिराने पाचव्या मजल्यावर नेलं, प्रत्येक मजल्यावर थांबून. दूध उतू घालायचं तर गॅस नाही, आणि बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर शेगडी लावली की एमसीबी पडायचा. शेवटी शेजारच्या टपरीवरून दूध उकळून आणलं आणि पातेल्यात ओतताना थोडं मुद्दाम सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "झालं, उतू गेलं." महापालिकेचं पाणी भोगवट्याशिवाय मिळत नाही, म्हणून 14 महिने टँकर, महिन्याला घरटी अडीच हजार.

तरी सांगते, पस्तावले नाही. 21 हजार भाडं थांबलं.

कलम_अठरा

ताई, तुमचं झालं ते झालं, पण कृपया कोणी हे अनुकरणीय म्हणून वाचू नका. भोगवट्याशिवाय ताबा द्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. चावी घेतली की तुम्ही त्याच्यावरचा सगळा दबाव काढून घेता, मग भोगवटा आणायची घाई फक्त तुम्हाला. आणि उद्या आग लागली तर फायर एनओसी नसलेल्या इमारतीत तुम्ही राहत होतात, हे विमा कंपनी पहिल्यांदा विचारेल.

मूळ धाग्याबद्दल. रेरा कायद्याचं कलम 18 काय म्हणतं, तर करारातल्या तारखेला ताबा नाही मिळाला की दोन वाटा: बाहेर पडा आणि भरलेले पैसे व्याजासह परत घ्या, किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. महाराष्ट्रात व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) अधिक 2 टक्के. बाहेर पडून पैसे मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलंय. सातवा_मजला, तुम्ही व्याज मागितलंत?

सातवा_मजला

ताब्याच्या दिवशी एक पत्र पुढे केलं. "उशिराबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही." चावी टेबलावर त्याच पत्राच्या शेजारी ठेवली होती. मुलगी चावीच्या किचेनशी खेळत होती.

सही केली.

कलम_अठरा

हे सगळीकडे चालतं. ते पत्र, करारनामा आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा. सही झाली म्हणून स्वतःच निकाल लावून घरी बसू नका. महारेराकडे तक्रारीची फी 5 हजार आहे.

हिशोब_तपासनीस

आणि निकाल लागल्यावर? बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि ते जातं जिल्हाधिकारी कार्यालयात, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला. तिथून तहसीलदार. माझा मित्र निकाल लागून दोन वर्षं झाली तरी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढतोय. आधी घरासाठी थांबायचं, मग व्याजासाठी.

जुनी_फाईल

तयार घर, तयार घर म्हणून सगळे नाचताय, म्हणून लिहितो. मी असाच शहाणपणा केला. रिसेल, सहकारनगर भागात, 1996 ची इमारत, लिफ्ट नाही पण समोर गुलमोहर. डोळ्यांना दिसणारं घर, उशीर कसला?

मूळ मालक वारलेले. वारस चार. एक भाऊ अमेरिकेत, त्याचं कुलमुखत्यारपत्र यायला तीन महिने. आलं तर त्यात फ्लॅटचा नंबर चुकलेला. परत पाठवलं. तोवर धाकट्या बहिणीला कोणीतरी सांगितलं की इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, आत्ता विकू नका. मग तिची समजूत. सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही म्हणून माझ्या पहिल्या बँकेने फाईल परत केली, दुसरीने घेतली पण कर्ज कमी मंजूर केलं. टोकन दिल्यापासून दस्त नोंदणीपर्यंत 11 महिने. आणि माझ्या बाजूने कुठलं रेरा नाही, कुठलं कलम 18 नाही. बहिणीवर काय तक्रार करणार? दर वेळी चहा मात्र छान करायची.

घर तयार असतं हो, कागद तयार नसतात.

रांगेतला

म्हाडाच्या सोडतीत पाचव्यांदा अर्ज. उशीर म्हणावा तर आमचा सुरूच झालेला नाही. वाचतोय.

सातवा_मजला

जुनी_फाईल, तुमच्या 11 महिन्यांत बँकेने व्याज घेतलं का? नाही ना? तुमचं टोकन अडकलं, माझे 30 लाख अडकले. माझं म्हणणं एवढंच आहे. थांबायला मी तयार आहे, पण दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढून थांबायला नाही.

एक गंमत सांगायची राहिली. जुन्या करप्रणालीत, कर्ज काढलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून 5 वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर व्याजाची वजावट 2 लाखांवरून 30 हजारांवर येते. माझं कर्ज 2019-20 मधलं, म्हणजे शेवटची तारीख 31 मार्च 2025. भोगवटा पाच आठवडे आधी आला. म्हणजे बिल्डरच्या उशिराचा दंड आयकराच्या रूपाने मीच भरणार होतो.

स्लॅब_सायकल

हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात सांगतो. फरक कोणाला पडणार नाही, पण सांगतो.

बावधनचा_भाडेकरू

तुम्ही सगळे भांडताय आणि माझा टोकनचा चेक खिशात आहे. ताथवडे, 12 मजल्यांपैकी 8 स्लॅब झालेत, ताबा डिसेंबर 2026 म्हणतात. तयार घर परवडत नाही, हिशोब_तपासनीस म्हणतात तशीच परिस्थिती. काय बघू? रविवारी साईटवर गेलो होतो, सेल्सच्या मुलाने हेल्मेट घालून वर नेलं, फार छान वाटलं.

कलम_अठरा

नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका. आणि करारातली ताब्याची तारीख स्वतः वाचा, ब्रोशरमधली नाही. दोन्हींत वर्षाचा फरक बघितलाय.

हिशोब_तपासनीस

पगारातून भाडं आणि व्याज दोन्ही, सांगितलेल्या तारखेच्या पुढे दोन वर्षं भरता येतंय का ते बघा. येत असेल तर घ्या. सातवा_मजला काहीही म्हणोत.

सातवा_मजला

आणि समोर राहायला जाऊ नका.

स्लॅब_सायकल

रविवारी साईट बघायची नसते, रविवारी सगळ्याच साईट सुंदर दिसतात. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीनला जा. सेल्सवाल्याला न सांगता. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा आणि इमारतीवरची माणसं मोजा. खालच्या मजल्यांवर विटांचं काम सुरू झालंय का बघा. नुसते स्लॅब वर चढतायत आणि खाली सगळं उघडं पडलंय, तर समजा पैशांचे टप्पे गाठायची घाई चाललीय.

बावधनचा_भाडेकरू

आज गेलो होतो. 40 मिनिटं बसलो, दोन चहा झाले. इमारतीवर सहा माणसं, त्यातली दोन मोबाईलवर. खाली विटा नाहीत. सेल्स ऑफिसात अकरा जण, एसी चालू.

चहावाल्याने विचारलं, "तुम्ही पण मोजायला आलात का?"