'नागरिक', 'मुलकी' की 'रयत'? टेबलावरच्या मूर्तींसाठी शब्द हवेत

दांडिया बाजार: आम्ही काही मंडळी विज्ञानकथांवरच्या टेबलखेळांसाठी 28 मिमीच्या मूर्ती रंगवतो. या खेपेला सैनिक जवळजवळ नाहीतच. परग्रहावरची खाणवस्ती केली आहे: मेकॅनिक, दवाखान्यातली बाई, खाण्याचा गाडा, रेंगाळणारी पोरं, आणि एक-दोन खास कॅरेक्टर. बडोद्यातल्या मराठी लोकांसमोर मांडायचंय, त्यामुळे पाट्या मराठीत. 'सिव्हिलियन मिनिएचर'ला 'नागरिक लघुचित्र' चालेल?

जुना कारकून: 'लघुचित्र' अजिबात नको. ती पहाडी, मुघल शैलीतली कागदावरची चित्रं. फाइन आर्ट्सची पोरं येऊन टेबलावर फ्रेम शोधतील.

'नागरिक'ही फसवा आहे. बंदूकवालाही नागरिकच असतो की! त्या शब्दामागे हक्क, मतदान, पासपोर्ट अशी सगळी वरात येते. लष्करीच्या समोर उभा राहणारा आपला जुना शब्द 'मुलकी'. मुलकी अंमलदार, मुलकी कारभार. ज्या गावात 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, त्या गावात पाटीवर 'सिव्हिलियन' लिहायची वेळ यावी?

'रयत'ला मात्र वर कोणीतरी धनी लागतो. खाण एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल, तर मला तोच जास्त आवडेल.

दांडिया बाजार: काका, मुलकी म्हटलं की मला पाटील आणि सातबारा दिसतो.

जुना कारकून: महसुलामुळे तो अर्थ चिकटलाय, खरं आहे. मग 'बाजारबुणगे' घ्या. फौजेबरोबर चालणारी बिनलढाऊ माणसं, 1761 ला पानिपतावर हजारोंनी होती. पण त्यात तुच्छता आहे, दवाखान्यातल्या बाईला लावू नका.

कोरडा ब्रश: मूर्तीला शब्द आपल्याकडे आधीच आहे: 'चित्रं'. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतो ती मातीची चित्रं. आणि त्यांत नुसते मावळे कुठे असतात? गवळण असते, भाजीवाली असते, वासुदेव असतो. म्हणजे मुलकी मंडळी आपण लहानपणापासून मांडतोय.

आता रंगाचं. वीस शिपाई एका दमात होतात, कारण गणवेश एक. मुलकी माणसं प्रत्येकी वेगळी, आणि प्रत्येकाला मनाला येईल तो रंग दिला की टेबलावर जत्रा दिसते. मी चार-पाचच रंग ठरवते आणि तेच फिरवते: एकाची विजार तो दुसऱ्याचा रुमाल. शिवाय सगळ्या कपड्यांत थोडा थोडा तोच मातकट तपकिरी मिसळते, मग कापड वापरलेलं वाटतं आणि माणसं एकाच वस्तीतली दिसतात. चकचकीत शुद्ध लाल खास माणसासाठी राखून ठेवायचा.

शब्द म्हणाल तर प्रायमरला 'अस्तर', रंगाच्या कोटला 'हात'. घर रंगवणारेही तेच म्हणतात. हायलाइटला 'उजाळा': बाहीची घडी, नाकाचा शेंडा, जिथे उजेड पडेल त्या कडेवर फिकट रेघ. 'उठाव' वेगळा, तो लांबून पाहिल्यावर कळतो. प्रत्येक घडीला उजाळा देऊनही मूर्तीला उठाव नसतो, कारण सावली द्यायचीच राहिलेली असते. डोळ्यांना गणपतीच्या कारखान्यातला शब्द घ्या, 'आखणी'. वॉशला मात्र 'वॉश'च म्हणा. खाचांत उतरणारा तो पातळ काळपट रंग 'धुणं' केला तर लोक बादली आणतील.

दांडिया बाजार: ताई, 'चित्रं' झकास. पण 'पाट्या चित्रांच्या' म्हटल्यावर लोक भिंतीकडे बघणार. पाटीवर 'मूर्ती', बोलताना 'चित्रं'. आता कॅरेक्टर राहिलं. 'पात्र'?

जुना कारकून: नाटकात 'पात्र' ठीक. पण 'पात्र रंगवणे' म्हणजे नट भूमिका रंगवतो ते, किंवा मग तांब्याचं भांडं. 'असामी' घ्या. 'बडी असामी' आपण म्हणतोच. गर्दीतून वेगळा, नावानिशी ओळखला जाणारा माणूस.

कोरडा ब्रश: खेळातही तसंच असतं. 2021 च्या 'स्टारग्रेव्ह' या टेबलखेळात कप्तान आणि त्याचा पहिला मेट, म्हणजे उपकप्तान, यांची कौशल्यं खेळागणिक वाढतात. बाकीचे आठ जण भाड्याचे. पहिल्या दोघांना असामी म्हणा, रंगवायला वेळही त्यांनाच द्या. कप्तानाला 'तांडेल' म्हणावंसं वाटतं, कोकणात बोटीच्या प्रमुखाला म्हणतात तसं.

दांडिया बाजार: यानाचा तांडेल! घेतला. पाट्या अशा: 'खाणवस्तीतली मुलकी मंडळी' आणि 'असामी'. एकच अडलंय. गाड्यावर वाढणारा यंत्रमानव कुठल्या पाटीखाली?

जुना कारकून: पगार घेतो का?

दांडिया बाजार: नाही.

जुना कारकून: मग सामानात.

कोरडा ब्रश: मी त्याच्या डोळ्यांची आखणी केलीय, तो मुलकीतच बसणार.