अनुभव धागा : वाईट दिवसांत कानावर पडलेलं नवं गाणं

धाकटा भाऊ गेला त्यानंतर सात महिने मी एकही गाणं लावलं नाही. आमच्या घरात गाणी आणणारा तोच. कॅसेटच्या दिवसांपासून मोबाइलपर्यंत मला जे जे आवडतं, ते कधी ना कधी त्यानेच ऐकवलेलं. त्यामुळे कुठलंही जुनं गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीला तो खोलीत यायचा आणि गाणं संपलं की पुन्हा निघून जायचा. ते मला सोसवत नव्हतं.

मग एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. अर्धा जबडा बधिर, इंजेक्शन चढायची वाट बघत. काउंटरवरच्या मुलीच्या फोनवर एक पॉप गाणं लागलं. त्याच आठवड्यात आलं होतं, हे मला नंतर कळलं. भाषाही कळत नव्हती. धृवपदाच्या आधी सगळी वाद्यं गप्प झाली, नुसत्या चुटक्या उरल्या, आणि मग ठेका असा काही परत आला की माझा पाय हलायला लागला. पाय हलतोय हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की हे गाणं त्याने ऐकलेलं नाही. त्याची एकही आठवण या गाण्यात नाही. घरी येऊन खूप रडले, पण त्या रात्री ते गाणं अकरा वेळा ऐकलं.

जुन्या गाण्यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. मला नव्यांबद्दल ऐकायचंय. कठीण काळात एखाद्या ताज्या, कालपरवाच आलेल्या गाण्याने तुम्हाला हात दिलाय का? गाण्याचं नाव सांगायलाच हवं असं नाही. तेव्हा काय चाललं होतं आणि गाण्याने नेमकं काय केलं, ते सावकाश लिहा.

* * *

ताई, 'तो खोलीत यायचा' या वाक्याशी बराच वेळ थांबले. माझं सांगते.

स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशनच्या २५ सिटिंग्ज. सोमवार ते शुक्रवार रोज, पाच आठवडे. केमोच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी एक गोष्ट बजावली होती : औषधाच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नका, पुढे त्या पदार्थाचीच शिसारी बसते. ते मी जेवणापुरतं पाळलं आणि नंतर गाण्यांनाही लावलं. रेडिएशनच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी विचारायची, काय लावू? आवडीची गाणी मी तिथे नेणार नव्हते. त्यांना त्या खोलीचा गारठा लागू द्यायचा नव्हता. म्हणून तिला म्हटलं, रोज एक नवं लाव, जे मी कधीच ऐकलेलं नाही असं.

टेबलावर उताणं झोपायचं, डावा हात डोक्यावर नेऊन आधाराला टेकवायचा, कातडीवरच्या खुणा यंत्राच्या रेषांशी जुळवून झाल्या की हलायचं नाही. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं. यंत्र आपल्याभोवती फिरत राहतं. दुखत काहीच नाही, पण माणूस फार एकटा पडतो. त्यात ते नवं गाणं. पहिल्यांदा ऐकताना आपण नकळत अंदाज बांधत जातो : आता वर जाईल, आता पुन्हा तीच ओळ येईल. मी त्या अंदाजात इतकी गुंतायचे की यंत्राचा आवाज मागे पडायचा. दार उघडायचं तेव्हा बहुतेक वेळा गाणं अर्धंच झालेलं असायचं. उरलेलं उद्या लावू का, असं ती विचारायची. मी नाही म्हणायचे. उद्या नवं.

काही गाणी अगदीच सुमार होती, तीसुद्धा चालली. नववं मात्र फार आवडलं. इतकं की आवडल्याचं वाईट वाटलं, कारण ते आता त्या खोलीचं झालं होतं. उपचार संपले त्याला तीन वर्षं झाली. त्या पंचविसांतलं एकही मी पुन्हा लावलेलं नाही.

* * *

मी २०२० बद्दल लिहितो. मार्चमध्ये नोकरी गेली, एका खोलीत एकटा अडकलो. आजच्या आणि उद्याच्या दिवसात काही फरकच राहिला नव्हता. वार विसरायचो.

मी बीटीएस या दक्षिण कोरियाच्या पॉप गटाचा चाहता. त्यांची त्या वर्षीची जगभराची टूर महामारीत रद्दच झाल्यासारखी होती. मग जाहीर झालं की २१ ऑगस्टला नवं गाणं येणार : 'डायनामाइट'. लोकांना या काळात थोडी उभारी यावी म्हणून हे गाणं काढलं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. त्यांचं संपूर्ण इंग्रजीतलं हे पहिलंच गाणं. पुढे ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिलं आलं, दक्षिण कोरियाच्या कुठल्याही गटाला तोवर ते जमलं नव्हतं. मला तो आकडा आजही महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही सगळे आपापल्या बंद खोल्यांतून मिळून त्याची वाट बघत होतो.

पण मला सावरलं ते गाणं येण्याच्या आधीच्या दिवसांनी. कॅलेंडरवर एक तारीख होती! कित्येक महिन्यांनी पुढे काहीतरी ठरलेलं होतं, आणि ते रद्द होणार नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी दाढी केली, अंथरुणाची चादर बदलली. गाणं ऐकायला तयार होऊन बसलो. जुनं गाणं कितीही प्रिय असलं तरी त्याची अशी वाट बघता येत नाही.

* * *

वेगळा अनुभव आहे, धाग्यात चालेल ना?

घटस्फोटाच्या काळात एक आनंदी गाणं सगळीकडे वाजत होतं. लिफ्टमध्ये, शेजारच्या गाडीत, प्रत्येकाच्या रिंगटोनवर. मला त्याचा संताप यायचा. जगाला माझं काही पडलेलं नाही, असं ते रोज सांगतंय असं वाटायचं. गाण्याने सगळ्यांनाच उभारी येते असं नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्यात काही उणं आहे असंही नाही. इतकंच लिहायचं होतं.

* * *

चालेल काय, पाहिजेच. अतिदक्षता विभागात मी असे नातेवाईक पाहिलेत ज्यांना बाहेरच्या कुणाचं हसणंही सहन होत नाही.

मी नर्स आहे. २०२० मध्ये रात्रपाळीला पीपीई किट चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही. चेहरे झाकलेले, एकमेकींना ओळखायचं ते पाठीवर मार्करने लिहिलेल्या नावावरून. तेव्हा 'जेरुसलेमा' आलं. दक्षिण आफ्रिकेचा संगीतकार मास्टर केजी याचं, नोमसेबो या गायिकेने गायलेलं. गाणं आधीच्या वर्षाच्या शेवटी आलं होतं, पण अंगोलातल्या तरुणांनी त्यावर केलेल्या नाचाचा व्हिडिओ पसरला आणि मग देशोदेशींच्या दवाखान्यांतले लोक तसेच नाचायला लागले. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तर २४ सप्टेंबरच्या वारसा दिनाला सगळ्या देशाला या गाण्यावर नाचा म्हणून सांगितलं.

आम्ही पायऱ्या शिकलो पाळी बदलायच्या वेळी, मागच्या व्हरांड्यात. चार पावलं, वळण, पुन्हा चार पावलं. नाचता न येणारीलाही जमतं. त्या दिवसांत शरीर म्हणजे नुसतं किट अडकवायची खुंटी झालं होतं. ते पुन्हा आपलं आहे असं त्या दहा मिनिटांत वाटायचं.

गाण्यातल्या झुलू भाषेतल्या शब्दांचा अर्थ मला फार उशिरा कळला. ती प्रार्थना आहे. मला सांभाळ, मला इथे सोडून जाऊ नकोस, असं देवाला म्हटलंय. आत बेडवर आमचे पेशंट हेच म्हणत होते, शब्दशः हेच, आणि बाहेर आम्ही त्यावर नाचत होतो. अर्थ कळल्यावर आधी अपराधी वाटलं. आता वाटत नाही. आत जाऊन त्यांचा हात धरायचं बळ आम्ही बाहेरूनच आणत होतो.

* * *

मी थोडक्यात. पॅरालिसिसचा झटका, डावी बाजू. फिजिओथेरपिस्टने चालण्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, लावला. त्या टकटकीचा मला दोन दिवसांत कंटाळा आला. मुलीने गाणी शोधली. मिनिटाला १२० ठोके असलेलं गाणं लावायचं आणि दर दुसऱ्या ठोक्याला पाऊल टाकायचं, म्हणजे मिनिटाला ६० पावलं. जुनी गाणी लावली की मी मनात शब्द म्हणत बसायचो आणि पाऊल चुकायचं. तिच्या पिढीच्या गाण्यांचे शब्दच येत नसल्यामुळे फक्त ठेका उरायचा. दोन महिन्यांनी १४० ठोक्यांच्या गाण्यावर आलो.

फिनलंडमधल्या संशोधकांचा २००८ सालचा अभ्यास मुलीने वाचून दाखवला होता. झटका आलेल्या ६० रुग्णांवरचा. रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा जास्त सुधारली, आणि काहीच न ऐकणाऱ्यांच्या मानाने त्यांचं मनही कमी खचलं. मला आवडीचं म्हणजे काय ते सत्तराव्या वर्षी नव्याने ठरवावं लागलं.

* * *

काका, तुमचं वाचून आईबद्दल लिहावंसं वाटलं. तिला स्मृतिभ्रंश आहे. तिच्यासाठी दिवसभर जुनी गाणी लावते. माझं नाव तिला आठवत नाही, पण तिच्या लग्नाच्या आधीच्या गाण्यांची कडवी अख्खी येतात. डोळे चमकतात. त्या गाण्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण तेच गाणं दिवसातून चाळीस वेळा ऐकलं की मला भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात.

म्हणून एका कानात इअरफोन. डाव्या कानात आईचं, उजव्या कानात माझं. शुक्रवारी नवी गाणी येतात, तो माझा सण. भांडी घासताना एका कानाने ऐकते. या घरात सगळं मागे मागे चाललंय, आणि माझ्या उजव्या कानात आज जन्मलेलं काहीतरी आहे. मला तेवढं लागतं. ते आईपासून लपवल्यासारखं वाटायचं पूर्वी. मग एकदा तिने हात पुढे केला, इअरफोन मागितला, कानाला लावला, आणि म्हणाली, 'छान आहे, कुणाची मुलगी गातेय?'

* * *

मी गाण्यांचं अरेंजिंग करते. धागा सुरू करणाऱ्या ताईंनी चुटक्यांचं जे लिहिलंय ते आम्ही मुद्दाम करतो. धृवपदाच्या आधी बेस काढून घ्यायचा, ऐकणाऱ्याला क्षणभर अधांतरी धरायचं आणि मग सगळं एकदम द्यायचं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या जागेची वाट बघतानाही मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, जागा आल्यावर तर सुटतंच. दोन वर्षांनी त्यांनी लोकांना कधीच न ऐकलेली गाणी ऐकवली, आणि कुठल्या गाण्यासाठी माणूस जास्त पैसे मोजेल ते मेंदूत हे रसायन सुटतं त्याच भागाच्या हालचालीवरून ओळखता आलं. म्हणजे अनोळखी गाण्यातही आपण काहीतरी येण्याची आशा धरतो.

हे सगळं मला पाठ होतं. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तेव्हा काही कामी आलं नाही. ठोका मोजायची सवय असलेल्या माणसाला सोनोग्राफीच्या खोलीतली शांतता कशी ऐकू येते, ते मी लिहू शकत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये, २०१८ ला, अमेरिकन गायिका अरियाना ग्रांदेचं एक गाणं आलं. २२ मे २०१७ ला मँचेस्टरमध्ये तिच्या कार्यक्रमानंतर स्फोट झाला, २२ माणसं गेली. त्यानंतरचं तिचं हे पहिलं गाणं. संथ सुरू होतं, प्रार्थनेसारखं. मला वाटलं हे असंच जाणार. आणि थोड्याच वेळात खालून ठेका येतो, चाल धावायला लागते. मी हेडफोन काढला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी ठोके मोजत होते आणि ते चालू राहत होते.

* * *

वर रेडिएशनचं लिहिलं तीच मी. तुमचं सगळ्यांचं वाचून काल रात्री नववं गाणं लावलं.

सुरुवातीचे चार सूर वाजले आणि माझा डावा हात आपोआप वर गेला, डोक्यावर, तिथे टेकवायचे तसा. श्वासही धरला गेला. मी गाणं बंद केलं नाही. दार उघडायचं त्या जागेपर्यंत आलं, आणि पुढे गेलं. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. तिथे एक मुलांचा कोरस आहे. तो मला माहीतच नव्हता.