वापसीच्या केळीचे पीठ करावे की वेफर्स? आमच्या महिला गटाने सुरुवात कशाने करावी?

प्रश्न : शेतकरी महिला, यावल तालुका

नमस्कार. आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत आणि प्रत्येकीच्या घरी थोडीफार केळी आहे. कापणीच्या वेळी व्यापारी चांगला माल उचलतो आणि डाग पडलेल्या, लहान फण्यांचा माल वापसी म्हणून बांधावर राहतो. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला भाव उतरला की त्या मालाला कोणी विचारत नाही आणि तो गुरांपुढे टाकावा लागतो. त्यापासून वेफर्स किंवा पीठ करावे, असे आमच्या मनात आहे. मागच्या आठवड्यात एक यंत्रविक्रेता गावात आला होता. साडेतीन लाखांचा संच घ्या, अनुदानाचे कागद आम्हीच करून देतो, असे त्याने सांगितले. दोघींनी दागिने गहाण ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शिवाय सातबारा आमच्यापैकी एकीच्याही नावावर नाही. त्यामुळे अनुदान अडेल का? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : अन्नप्रक्रिया प्रशिक्षक, जळगाव

ताई, दागिने घरातच राहू द्या. यंत्र शेवटी घ्यायचे असते. आधी शंभर पाकिटे हाताने करून विकून पाहावीत.

वेफर्सचा मोह सर्वांनाच होतो, परंतु केरळात ज्या नेंद्रन केळीचे वेफर्स होतात, तिच्या गरात पिष्टमय अंश जास्त असतो. आपल्याकडची बहुतेक लागवड ग्रँड नैनची आहे. तिच्यात पाणी अधिक असल्यामुळे काप तळताना तेल जास्त पितो आणि लवकर मऊ पडतो. वेफर्स होतच नाहीत असे नाही, मात्र तेलाचा खर्च आणि खवट वास या दोन गोष्टी नव्या गटाला पहिल्याच वर्षी जड जातात. म्हणून माझे मत पिठाच्या बाजूने आहे.

केळी पूर्ण भरलेली पण हिरवीकंच असावी आणि कापणीच्या दिवशीच कामाला घ्यावी, कारण एकदा पिकू लागली की पिष्टाची साखर होते आणि काप चिकट होऊन वाळत नाहीत. स्टीलच्या सुरीने साल काढून तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात लगेच सोडाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. सौर वाळवणी यंत्रात वाळवलेली चकती बोटांनी वाकवली असता न वाकता कट्‌कन मोडली पाहिजे. ती वाकत असेल तर आत ओल आहे आणि पिठाला बुरशी धरेल. आमच्या प्रशिक्षणात सालीसकट साधारण सहा किलो केळीपासून एक किलो पीठ मिळते, तेव्हा भाव ठरवताना हा हिशेब आधी मांडावा.

खान्देशातला एप्रिल-मे वाळवणासाठी सोन्यासारखा असतो. तेव्हा वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे आणि श्रावण-नवरात्रात उपवासाचे पीठ म्हणून विकावे. त्यासाठी दळण स्वतंत्र चक्कीवर झाले पाहिजे. गावच्या चक्कीत आधी गहू दळलेला असेल, तर ते पीठ उपवासाला चालणार नाही आणि एकदा तक्रार झाली की गिऱ्हाईक परत येत नाही.

अनुदानाविषयी : केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात जळगावसाठी केळी हेच उत्पादन निवडलेले आहे. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आणि बचत गटातील प्रक्रिया करणाऱ्या सदस्यामागे 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल, अशी तिची रचना आहे. हे अनुदान उद्योगाला आहे, जमिनीला नाही, त्यामुळे सातबाऱ्याची चिंता करू नये. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात आणि 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कक्षात स्वतः जाऊन विचारावे. विक्रेत्याच्या हाती कागद देऊ नयेत. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधीच करावी. छोट्या उद्योगाला तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे.

उत्तर : बिबडे करणारी गृहउद्योजिका, शिरपूर तालुका

वरील सल्ला योग्य आहे. मी भावाविषयी लिहिते. आम्ही सात जणी ज्वारीचे बिबडे, म्हणजे खान्देशी पापड, करतो. ज्वारी ओलवून, कांडून, आंबवून, पहाटे चार वाजता मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात लसूण, जिरे, तीळ घालायचे आणि ऊन चढायच्या आत ओल्या हाताने धोतराच्या कापडावर थापायचे. संध्याकाळी कापडाला मागून पाणी लावून एकेक बिबडा सोडवताना पाठ मोडते. एवढे असूनही पहिल्या वर्षी आम्ही भाव काढताना ज्वारी, मसाला, सरपण आणि पाकीट धरले, आणि सात जणींची मजुरी धरलीच नाही. वर्षअखेर वही पाहिली तेव्हा लक्षात आले की त्याच दिवसांत कापूस निंदायला गेलो असतो, तर हाती जास्त पैसे आले असते.

आता आम्ही शेतमजुरीच्या दराने प्रत्येकीचे तास लिहितो आणि मगच किंमत ठरवतो. एका शहरी दुकानदाराने उधारीवर माल नेला आणि चार महिन्यांनी तुकडे झालेली पाकिटे परत पाठवली. त्यानंतर रोखीशिवाय माल द्यायचा नाही, हा नियम आम्ही सोडलेला नाही.

उत्तर : बचत गट कार्यकर्ता, धडगाव

आमच्याकडे आमचूर होतो. लोखंडी विळ्याने सोललेल्या आणि जमिनीवर वाळवलेल्या फोडी काळपट होतात व त्यांत माती जाते. स्टीलच्या सोलण्याने सोलून स्वच्छ कापडावर वाळवलेला पांढरा आमचूर व्यापारी वेगळ्या भावाने घेतो. यंत्र नाही, केवळ सुरी आणि कापड बदलले. आपणही केळीच्या चकत्यांसाठी तेवढ्यावरच सुरुवात करावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल गटाची बैठक घेतली आणि दागिन्यांचा विषय बंद केला. रविवारी माझ्या बागेतली साठ किलो वापसी केळी घेऊन गच्चीवर काप वाळवणार आहोत आणि कोणी किती तास काम केले, ते माझी मुलगी वहीत लिहिणार आहे. एकच शंका उरली : सौर यंत्र मिळेपर्यंत पांढऱ्या सुती कापडाखाली झाकून वाळवले तर चालेल का, की धूळ आत जाईलच? आमच्या गच्चीशेजारून गाडरस्ता जातो.