गादी सरकली, पण दुखणं नक्की कुठलं?

घाटपायथा: सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, म्हटली की एमआरआयवर बोट ठेवून "ही बघा, नस दबलीय" म्हणतात, विषय संपला. मला हे अर्धवट वाटतं. स्वीडनच्या ओल्मार्कर यांनी १९९३ साली डुकरांच्या नसमुळांवर गादीतला गर नुसता ठेवला. दाब शून्य, तरी नसेतला संदेश मंदावला! म्हणजे गर स्वतःच दाहक. आणि चिडलेल्या नसेचा मारा महिनोन्‌महिने चालला की मज्जारज्जूच बदलतो. उंदरांत दिसलंय ते असं: नस दुखावली की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया (तिथल्या राखणदार पेशी) बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, चेतापेशीत क्लोराइड साठतं आणि गाबाचा, म्हणजे संदेश शांत करणाऱ्या रसायनाचा, ब्रेक लागेनासा होतो. मग साधा स्पर्शही झोंबतो. जुनाट दुखण्याचं मूळ तिथे शोधा.

निशिगंध_७२: अहो, गादी सरकते एल-४, एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. कशाला वर चढताय? शस्त्रक्रियेने गादीचा सरकलेला तुकडा काढला की पाय मोकळा होतो, घरातच पाहिलंय.

घाटपायथा: रज्जू संपतो, नस नाही. पायातून आलेला तोच तंतू वर जाऊन रज्जूच्या मागच्या शिंगात (वेदनेचे संदेश जिथे पोचतात त्या भागात) शिरतो. गादीने रज्जूला शिवायची गरजच नाही.

फिजिओताई: १९९४ चा अमेरिकन अभ्यास आठवा. पाठ न दुखणारे ९८ जण, त्यातल्या ५२ टक्क्यांची गादी फुगलेली. फोटो म्हणजे दुखणं नव्हे. आमच्याकडे लोक रिपोर्ट वाचूनच वाकायचे थांबतात, ते वेगळंच.

निशिगंध_७२: ताई, त्याच अभ्यासात गादी फुटून बाहेर आलेली किती जणांची? जेमतेम एक टक्का. फुगणं आणि फुटणं एकाच पारड्यात टाकू नका. शिवाय रज्जूच बिघडला असेल तर प्रीगॅबालिनने (नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने) आराम पडायला हवा. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ती गोळी साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र जास्त.

घाटपायथा: त्या चाचणीत आठवड्यापासून वर्षापर्यंतचे रुग्ण एकत्र होते. आणि ती गोळी चेतातंतूच्या टोकाचे कॅल्शियमचे मार्ग आवळते, मायक्रोग्लियाला हात लावत नाही. एक औषध पडलं म्हणून यंत्रणा खोटी?

निशिगंध_७२: मग २०२० ची कॅनडातली चाचणी घ्या. चार ते बारा महिने दुखणारे रुग्ण, म्हणजे तुमच्या हिशेबाने रज्जू बदललेले. तरी सहा महिन्यांनी शस्त्रक्रियावाल्यांचा पाय कमी दुखत होता. आता बोला.

घाटपायथा: कमी दुखत होता, थांबला नव्हता. त्या उरलेल्या दुखण्याबद्दलच धागा काढलाय.