पारामारिबो शहरासाठी चार दिवस द्यावेत का?

देनहागवासी

नमस्कार. आम्ही नेदरलँड्समध्ये देन हाग (द हेग) येथे राहतो. आमच्या इमारतीत दक्षिण अमेरिकेतील सुरिनामहून आलेली काही हिंदुस्तानी कुटुंबे आहेत. त्यांच्या आग्रहामुळे ऑक्टोबरमध्ये मी, माझी पत्नी आणि पुण्याहून येणारे आई-बाबा असे चौघे सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोला, जाणार आहोत. बहुतेक सहल कंपन्या राजधानीत एक रात्र ठेवून पुढचे सगळे दिवस पर्जन्यवनात नेतात. परंतु आईच्या गुडघ्यांना होडीचा लांब प्रवास झेपणार नाही. केवळ शहर आणि आसपासचा परिसर पाहण्यात चार दिवस सत्कारणी लागतील का? आई-बाबा शाकाहारी आहेत, हेही लक्षात घ्यावे.

नदीकाठ

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे त्या शहरात राहिलो आहे. चार दिवस अवश्य द्या. या शहराला केवळ जंगलाचे प्रवेशद्वार समजणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

जुने पारामारिबो लाकडाचे आहे. विटांचा पाया, त्यावर पांढऱ्या रंगाच्या फळ्यांच्या भिंती आणि हिरवी दारे-झडपा असलेली घरे नदीकाठच्या वॉटरकांट रस्त्यावर ओळीने उभी आहेत, आणि या मध्यवस्तीला २००२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १८२१ आणि १८३२ च्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला होता. दुसऱ्या आगीबद्दल कोजो, मेंटोर आणि प्रेझेंट या तीन पळून गेलेल्या गुलामांना १८३३ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या नावाचा चौक त्याच भागात आहे. तो न पाहता पुढे जाऊ नका, कारण ती घरे उभी करणारे हात कोणाचे होते हे तिथे उभे राहिल्यावर समजते.

संत पीटर आणि पॉल यांचे कॅथेड्रल १८८३ ते १८८५ या काळात बांधले गेले. आतील देवदाराचे लाकूड रंगवलेले नाही, त्यामुळे संपूर्ण सभागृह तांबूस उजेडात न्हालेले दिसते. आईंना तिथे बाकावर निवांत बसता येईल. झेलांडिया किल्ल्यासाठी मात्र स्वतंत्र सकाळ ठेवा. इंग्रजांनी बांधलेला हा किल्ला डचांनी १६६७ मध्ये जिंकला. आता तिथे संग्रहालय आहे. पण ८ डिसेंबर १९८२ रोजी लष्करी राजवटीच्या १५ विरोधकांना याच किल्ल्यात गोळ्या घालून मारण्यात आले आणि तिथल्या बुरुजाच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. तिथे आलेले लोक आपोआप हळू आवाजात बोलतात.

कैझरस्ट्राट रस्त्यावर ज्यू लोकांचे नेवे शालोम सिनेगॉग आणि मशीद एकमेकांना लागून आहेत. सिनेगॉगच्या फरशीवर वाळू पसरलेली असते. तिचा संबंध कोणी पूर्वजांच्या वाळवंटातील भटकंतीशी जोडतात, तर कोणी गुप्तपणे प्रार्थना करताना पावलांचा आवाज दबावा म्हणून केलेल्या सोयीशी.

उसाचा_मळा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एक दिवस नदीपलीकडे कॉमेवाइन जिल्ह्यासाठी राखून ठेवा. २००० साली पूल झाल्यापासून गाडीने जाता येते आणि वाहतूक भारतासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. मारिएनबुर्ग येथे १८८२ साली सुरू झालेल्या साखर कारखान्याचे गंजलेले अवशेष आहेत. येथे हिंदुस्तानी आणि जावानी कंत्राटी मजूर राबले. १९०२ मध्ये मजुरीच्या प्रश्नावरून उठाव झाला, व्यवस्थापक मारला गेला आणि सैनिकांनी मजुरांवर गोळीबार केला. मृतांचे स्मारक तिथे आहे.

१८७३ ते १९१६ या काळात सुमारे ३४ हजार माणसे कलकत्त्याहून जहाजांनी सुरिनामला आणली गेली. त्यांतील बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातील होती, आणि म्हणूनच तिथली सरनामी भाषा हिंदी जाणणाऱ्या मराठी माणसाला बरीचशी कळते. शहरातील ‘बाबा आणि माई’ हा पुतळा त्यांच्या स्मरणार्थ आहे: हातात गाठोडे घेतलेले एक जोडपे. तुमच्या शेजाऱ्यांचे पणजोबा-पणजी त्या गाठोड्यासह उतरले असतील. जाण्यापूर्वी त्यांना जहाजाचे नाव विचारा. अनेक कुटुंबांना ते ठाऊक असते.

अळूचे_फदफदे

जेवणाची चिंता करू नये. रोटीच्या दुकानात मसाल्याचे कोंबडीचे मांस न घेता बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि भोपळा मागता येतो. उडदाच्या पिठात अळूच्या जातीची पाने घालून तळलेला ‘बारा’ आई-बाबांना नक्की ओळखीचा वाटेल. जावानी खानावळीत टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मिळते. मात्र साओतो हे सार कोंबडीचे असते, हे विसरू नका.

रविवारी सकाळी लवकर स्वातंत्र्य चौकात जा. लोक पिंजऱ्यांतील पक्षी घेऊन येतात आणि त्यांच्या गाण्याची स्पर्धा लावतात. ऑक्टोबर कोरडा पण कडक उन्हाचा असतो, म्हणून आई-बाबांना दुपारी अकरा ते तीन या वेळेत बाहेर काढू नका. अंधार पडल्यावर मध्यवस्तीत पायी न फिरता टॅक्सी घ्या. विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी काही पाहण्याचा बेत ठेवू नका.

देनहागवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जंगलाचा बेत रद्द केला आहे. आजच शेजारच्या आजींना जहाजाचे नाव विचारले. त्यांनी कपाटातून आपल्या आजोबांच्या कंत्राटाची नक्कल काढून दाखवली. त्यावर मारिएनबुर्गचेच नाव आहे, त्यामुळे आम्ही पहिला दिवस तिथेच घालवणार आहोत.