कॅन्युला मोबाईलवर शिकता येते का?

ट्यूटर_मराठवाडा

एका नर्सिंग कॉलेजात अकरा वर्षं शिकवतेय. माझं म्हणणं असं: पेशंटच्या हाताला पहिली सुई लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीने ती प्रोसिजर इंटरॅक्टिव्ह डिजिटल साहित्यावर चुकतमाकत पूर्ण केलेली असावी, आणि हे सक्तीचं करावं. पटत नसेल तर कारणासकट लिहा, मला खरंच ऐकायचंय.

आमच्या लॅबमध्ये कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) शिकायला रबरी हात एकच आणि बॅच साठची. मी डेमो देते तेव्हा पुढच्या सात-आठ जणींना माझी बोटं दिसतात, बाकीच्यांना माझी पाठ. री-डेमोत, म्हणजे मुलींनी स्वतः करून दाखवताना, प्रत्येकीच्या वाट्याला तो हात जेमतेम दोनदा येतो. इतक्या बॅचेसनी टोचून त्याची चाळणी झालीय. शीर शोधावी लागत नाही, जुनी भोकंच दाखवतात ती कुठे आहे. यानंतर थेट वॉर्ड.

मागच्या वर्षी मी फोनवर चालणारं साधं मॉड्यूल तयार केलं. फोटो, छोटे व्हिडिओ आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न, ‘आता काय कराल?’ सुरुवातीला ट्रे रिकामा असतो. टर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला आवळायचा पट्टा), स्पिरिट स्वॅब, हिरवी 18, गुलाबी 20, निळी 22 नंबरची कॅन्युला, फ्लश (नळीतून सोडायचं थोडं सलाईन), चिकटपट्टी, सुया टाकायचा पांढरा डबा, यातलं हवं ते आपण उचलून ठेवायचं. काही विसरलात तरी मॉड्यूल अडवत नाही. कॅन्युलात रक्त दिसलं की बऱ्याच जणी खूश होऊन टर्निकेट सोडायचंच विसरतात. मॉड्यूल त्यांना तसंच पुढे जाऊ देतं, आणि दोन पायऱ्यांनी पेशंट म्हणतो, ‘ताई, हात बधिर पडलाय ओ.’ पहिल्या खेपेला अर्ध्याहून जास्त वर्ग तिथे अडकला. ही चूक फोनमध्ये झाली म्हणून कुणाचा हात सुजला नाही.

निवृत्त_इनचार्ज

माझा विरोध आहे. सरकारी रुग्णालयात 33 वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मेडिसिन वॉर्डची इनचार्ज म्हणून.

शीर बोटाला कळते. दाबली की दबते आणि सोडली की परत वर येते. शेजारचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, कडक लागतो, उसळत नाही. सत्तरीच्या म्हातारीची शीर तर सुई टेकवली की बाजूला सरकते, म्हणून डाव्या अंगठ्याने खालची कातडी ताणून धरायची. ती किती ताणायची हे कातडीच सांगते. काचेच्या पडद्यावर बोट फिरवून हे कसं येणार?

कोविडमध्ये 2020-21 ला मुलींची वॉर्डातली पोस्टिंग बंद होती, सगळं ऑनलाइन. त्या मुली नंतर माझ्या वॉर्डात आल्या. पायऱ्या विचारा, घडाघडा सांगायच्या, पण बीपीचा कफ बांधायला सांगितला की हात थरथरायचे. मुली गुणी होत्या, दोष त्यांचा नव्हता. पण पुन्हा तसली बॅच तयार करायची नाही, हे माझं पक्कं मत आहे.

ट्यूटर_मराठवाडा

सिस्टर, त्या बॅचला मीही शिकवलंय. त्यांना आम्ही पीडीएफ पाठवल्या आणि दीड-दीड तास लेक्चर ऐकवलं. त्यात त्यांना काही करायला नव्हतं, चुकायला तर नव्हतंच. त्याला मीसुद्धा डिजिटल शिक्षण म्हणणार नाही.

प्राध्यापक_नाशिक

पुराव्याचं बोलू. अमेरिकेत नर्सिंगच्या राज्य मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग शाळांत मोठा अभ्यास केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांचे 25 टक्के, तर काहींचे 50 टक्के वॉर्डातले तास काढून त्याजागी सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी बनवलेल्या प्रसंगांवर सराव, दिलं. शिक्षण संपताना त्यांच्या ज्ञानात, कामात आणि लायसन्स परीक्षेच्या निकालात नेहमीच्या विद्यार्थ्यांहून फारसा फरक आढळला नाही. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीवर नेला, त्यात सिम्युलेशन आहे. धागा काढणाऱ्या मॅडमची दिशा बरोबर आहे.

निवृत्त_इनचार्ज

सर, त्या अभ्यासातलं सिम्युलेशन कसलं होतं तेही सांगा की. श्वास घेणारे, नाडी लागणारे मॅनिकिन (माणसाच्या आकाराचे पुतळे), तयार केलेले शिक्षक, आणि प्रत्येक प्रसंगानंतर गोल बसून काय चुकलं याची चर्चा. त्या निकालाच्या जोरावर तुम्ही मोबाईलचं मॉड्यूल पुढे करताय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संस्थाचालक त्या अभ्यासातला ‘50 टक्के’ एवढाच आकडा वाचतील, आणि उद्या मुलींना रुग्णालयात न्यायची बसच बंद होईल. मला भीती याचीच आहे.

प्राध्यापक_नाशिक

मान्य. तो अभ्यास फोनवरच्या साहित्याबद्दल काही सांगत नाही, मी घाईने जोडला.

वडिलांचा_मुलगा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, त्यासाठी डाव्या हाताला फिश्चुला केलेला (ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडतात तो). मध्ये दुसऱ्या कारणाने ॲडमिट होते तेव्हा एक विद्यार्थिनी बीपी घ्यायला आली आणि डाव्याच हाताला कफ गुंडाळायला लागली. मी ओरडलो. तिचा चेहरा एवढासा झाला, डोळे भरले. नंतर बोललो तिच्याशी. फिश्चुलाच्या हाताला बीपी घ्यायचं नाही, टोचायचं नाही, हे तिला अगदी पाठ होतं. समोरचा फुगीर हात म्हणजेच फिश्चुला, एवढंच ओळखू आलं नव्हतं. तिची चूक माझ्या वडिलांच्या हातावर होण्याआधी दुसरीकडे कुठेतरी झालेली मला चालली असती. ती फोनवर की लॅबमध्ये, ते तुम्ही ठरवा.

निवृत्त_इनचार्ज

दादा, तुम्ही ओरडलात ते बरोबरच केलंत. पण तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फिश्चुलावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. एकदा लागली की ती मुलगी जन्मात विसरणार नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना डायलिसिसच्या पेशंटला विचारून, त्यांनी हो म्हटलं तर, हात ठेवायला लावायची. ही थरथर पडद्यावर दाखवा मला.

ट्यूटर_मराठवाडा

नाही दाखवता येत, कबूल. पण कफ उचलण्याआधी दोन्ही बाह्या वर करून बघायच्या, ‘या हाताचं कधी काही ऑपरेशन झालंय का?’ असं विचारायचं, ही सवय लावता येते. ती मुलगी ही पायरी विसरली. थरथरीपर्यंत ती पोचलीच नव्हती.

जीएनएम_तिसरं_वर्ष

शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, मी जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे. कॉलेजने एक तयार पॅकेज घेतलंय, सगळं इंग्रजीत. त्यातला पेशंट एक ते दहा आकड्यात दुखणं सांगतो. आमचे पेशंट म्हणतात, ‘छातीत भरून आलंय’, ‘पोटात कालवतंय’, ‘डोळ्यांपुढं अंधारी येतीय’. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आम्ही पॅकेजमधलं इंग्रजी उलगडण्यातच थकतो आणि प्रोसिजर राहून जाते.

एका गोष्टीत मात्र त्याचा खूप उपयोग झाला: सलाईनचे थेंब. 500 मिली चार तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा (1 मिलीला 20 थेंब) असेल तर मिनिटाला साधारण 42. तेच 15 थेंबांच्या सेटवर 31. सेटच्या पाकिटावर आकडा बघायचा असतो हे मला वर्गात दोनदा सांगूनही डोक्यात बसलं नव्हतं. त्यात पाच वेळा चुकल्यावर बसलं. आता वॉर्डात हात आपोआप पाकीट उलटं करतो. वर्गात पाच वेळा चुकायची माझी हिंमत झाली नसती.

सिस्टर_लंडन

पुण्यात शिकले, आता इथे वॉर्डात आहे. बाहेरून आलेल्या नर्सला इथे नोंदणीसाठी ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, दहा स्टेशनांची. मी फोनवरच्या व्हिडिओवर तयारी केली. पायरीनिहाय थांबवायचं, मोठ्याने बोलायचं, मग उशीवर करून बघायचं. पास झाले. तरी सांगते, तिथे मला तारलं ते ससूनसारख्या गर्दीच्या वॉर्डात घालवलेल्या दिवसांनी. बीपीचे ठोके ॲपमध्ये स्वच्छ ऐकू येतात. वॉर्डात पंखा घरघरतो, शेजारचं मूल रडतं, नातेवाईक खांद्यावरून विचारतात ‘किती आलं हो?’, आणि त्यातून तो पहिला ठोका पकडायचा असतो. पण कोणता ठोका पकडायचा हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच तो गोंगाटातून सापडतो. म्हणून माझं मत ट्यूटर मॅडमच्या बाजूला.

निवृत्त_इनचार्ज

तुम्ही दोघी शिकवायला बसलात तर डिजिटल जपूनच वापराल, याबद्दल शंका नाही. माझं भांडण ‘सक्ती’ या शब्दाशी आहे. सक्ती झाली की त्याचं रजिस्टर होतं, सह्या होतात, तपासणीला ते दाखवलं जातं, आणि ज्या तासाला मुलगी पेशंटजवळ हवी त्या तासाला ती कॉम्प्युटर लॅबमध्ये टिकमार्क करत बसते. प्रोसिजर बुकाचं, म्हणजे केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीचं, हेच झालेलं मी बघितलंय. शेवटच्या महिन्यात एका रात्रीत शंभर प्रोसिजर ‘पूर्ण’. सक्ती करायचीच असेल तर वॉर्डाच्या तासांची करा, आणि ट्यूटरने स्वतः पेशंटच्या कॉटजवळ उभं राहायची करा.

ट्यूटर_मराठवाडा

रजिस्टरचं लागलं मला. प्रोसिजर बुकावर डोळे झाकून सह्या मीही केल्यात, एकदा नव्हे.

तरी सक्ती सोडायला मन तयार नाही. ऐच्छिक ठेवलं की ज्या मुली आधीच धीट आहेत त्याच करतात. मागच्या बाकावरची, डेमोत माझी पाठ बघणारी मुलगी राहून जाते, आणि तिच्यासाठीच तर हे केलं. एवढं बदलते: मॉड्यूल पोस्टिंगच्या तासांतून एक मिनिटही घेणार नाही. आणि मार्क किंवा सही ठेवणार नाही. कुठे चुकलीस एवढंच मला दिसेल, म्हणजे वॉर्डात तिच्या शेजारी उभी राहताना मला ठाऊक असेल की हिचं टर्निकेट राहतं.

जीएनएम, तुझी वाक्यं मी घेतेय. ‘पोटात कालवतंय’ तुमच्यापैकीच कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करू.

निवृत्त_इनचार्ज

सही ठेवणार नसाल तर त्याला सक्ती कशाला म्हणायचं? तरीही पोस्टिंगचे तास शाबूत राहतात हे मला महत्त्वाचं. माझं मत बदललेलं नाही. तो रबरी हात मात्र आधी बदलून घ्या, संस्थेकडे लेखी मागा. चाळणी झालेल्या हातावर शिकलेली मुलगी भोक शोधते, शीर नाही.

जीएनएम_तिसरं_वर्ष

मॅडम, मॉड्यूल नेट नसताना चालेल असं करता आलं तर बघा. आमच्या हॉस्टेलवर रेंज फक्त गच्चीत येते, आणि रात्री नऊनंतर गच्चीला कुलूप असतं.