सोलापूरच्या गड्डा यात्रेचे फोटो कार्डात अडकलेत, कसे काढू? आणि पुढं नीट कसे ठेवू?

काठीमागचा:
नमस्कार मंडळी. यंदा अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभारून फोटो काढले, सातही नंदीध्वज (मानाच्या काठ्या) एका फ्रेममध्ये आलेत असा एक आहे त्यात. व्हिडिओ चालू असतानाच बॅटरी गेली आणि तेव्हापासून कार्ड एरर दाखवायलंय, लॅपटॉपला लावलं की डिस्क फॉरमॅट करा म्हणायलंय. ६४ जीबीचं एसडी कार्ड, कॅनन, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीजी दोन्ही. एका दुकानात विचारलं तर आधी पैसे ठेवा मग बघू म्हणाले, फोटो निघतील का ते सांगायला तयार नाहीत. फुकट काही जमतंय का? दुसरं म्हणजे लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'गड्डा फायनल', 'गड्डा फायनल खरं' असला सगळा राडा आहे, त्याचं काय करू?

शेंगाचटणी:
फॉरमॅटला नो म्हण बे आधी! आणि कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नको, एक जरी नवीन फोटो काढलास तर जुन्यावर बसू शकतो. कार्डच्या कडेला छोटी पट्टी असते ती लॉककडं सरकव आणि मगच रीडरला लाव.

पार्कचौक:
सोपं आहे, विंडोजची चेकडिस्क (chkdsk) कमांड मार. माझा पेनड्राइव्ह तसाच नीट झालता.

माळढोक:
@पार्कचौक, नको हो. ते कार्डवरच दुरुस्ती करतं, म्हणजे लिहितं. पेनड्राइव्हमध्ये काही नसेल तर ठीक, इथं फोटो पाहिजेत.

काठीमागचा, माझी पद्धत सांगतो, मी नान्नजला पक्ष्यांचे फोटो काढतो, कार्डाची कटकट मलापण झालीय. बहुतेक वेळा फोटो जागेवरच असतात, कुठला फोटो कुठं आहे ती यादी बिघडलेली असते. वहीची अनुक्रमणिका फाटली तरी पानं असतात ना, तसं. म्हणून पहिलं काम, अख्ख्या कार्डाची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून लॅपटॉपवर ठेवायची (६४ जीबी कार्ड म्हणजे तेवढी मोकळी जागा लागणार), आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर. कार्ड वाचताना अडकत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू, ते खराब जागा सोडून पुढं जातं आणि नंतर परत तिथं येतं.

मग फोटोरेक, गेलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम. टेस्टडिस्कसोबत येतं, फुकट आहे. काळी खिडकी बघून घाबरू नका, त्याचंच क्यूफोटोरेक आहे, माऊसवर चालतं. ते यादी बघतच नाही, जेपीजी फाइल कुठल्या बाइट्सनी सुरू होते ते ओळखून एकेक उचलतं. फाइल सिस्टीम बिघडलीय म्हणून 'फ्री' (फक्त मोकळी जागा) नको, 'होल' (सगळी जागा) निवडा. फाइलच्या प्रकारात जेपीजी, एमओव्ही आणि टिफ ठेवा, कॅननचं सीआर२, म्हणजे रॉ फाइल, टिफच्या खाली येतं, ते बऱ्याच जणांना कळत नाही. आणि सेव्ह कार्डावर नाही, हार्डडिस्कवर!

काठीमागचा:
माळढोक दादा, लई उपकार. निघायलेत फोटो! पण नावं सगळी गेलीत, एफ आणि लांबलचक आकडे, जुन्या लग्नाचे पण आलेत मधीच. आणि काही जेपीजी अर्धे राखाडी, सात काठ्यांचा पण त्यातलाच.

माळढोक:
नावं जाणारच, पण तारीख फोटोच्या आत एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीत, असते. एक्झिफटूल वापरून तारीख-वेळेवरून नावं बदला, लग्न आपोआप वेगळं पडेल. अर्धा राखाडी म्हणजे फाइलचे तुकडे वेगवेगळ्या जागी होते, पुढचा हाती लागला नाही. पण तुमचं रॉ चालू होतं ना? सीआर२ च्या पोटात एक जेपीजी असतोच, त्याच फोटोचं सीआर२ सापडलं तर एक्झिफटूलनं तो बाहेर काढता येतो.

शेंगाचटणी:
आणि त्या 'फायनल खरं'चं मी सांगतो. फोल्डरला विषयाचं नाव नको, तारखेचं पाहिजे, वर्ष-महिना-दिवस, मग बाराबंदी, होम मैदान जे काय ते पुढं. तसं केलं की आपोआप क्रमानं लागतंय. मी डिजिकॅम वापरतो, फोटो लावून ठेवायचा प्रोग्राम, फुकट आहे, इम्पोर्ट करतानाच तारखेचे फोल्डर बनवून देतंय आणि टॅग मारले की 'नंदीध्वज' शोधल्यावर सगळ्या वर्षांचे समोर येतात. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी आधी मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेव. घड्याळं मागंपुढं असली की होमाचे फोटो अक्षतांच्या आधी लागतात, मग बस नीट करत.

पार्कचौक:
कार्ड कधी रिकामं करायचं मग? मी तर कॉपी झाली की लगेच डिलीट मारतो.

माळढोक:
दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर, आणि मधले चार-पाच फोटो उघडून बघितल्यावर. एक कॉपी घराबाहेर असली तर उत्तम, भावाकडं हार्डडिस्क ठेवली तरी चालतं. मग लॅपटॉपवर डिलीट करत बसू नका, कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा. आणि हे कार्ड आता रोजच्या कामाला नको.

काठीमागचा:
सीआर२ मधनं निघाला सात काठ्यांचा!! डावीकडं कोणाचातरी हात आलाय पण चालतंय. फक्त तो बॅटरी गेली तेव्हाचा व्हिडिओ उघडत नाही, साइज तर मोठी दाखवायलंय.

माळढोक:
रेकॉर्डिंग बंद करताना कॅमेरा फाइलमध्ये जी माहिती लिहितो ती राहून गेली. अनट्रंक बघा, अर्धवट राहिलेला व्हिडिओ दुरुस्त करायचा प्रोग्राम आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. तुकडे झाले असतील तर नाही जमणार, पण करून बघा, आणि मूळ फाइलची कॉपी करूनच.